डोकं वगळून

विमा कंपनीचं पत्र ताईने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्याउभ्याच वाचलं. माझी ही थोरली बहीण कुठलंही छापील पत्र मोठ्याने वाचते, समोर शंभर माणसं बसल्यासारखं. "अर्जदारास आरोग्य विमा देण्यास कंपनी तयार आहे," इथपर्यंत तिचा आवाज चढत गेला. मग उतरला. "मात्र डोके, मेंदू, मज्जारज्जू व त्यांसंबंधीचे सर्व आजार वगळून. कारण : मागील आजारानंतर तपासणीत आढळलेला उर्वरित बौद्धिक दोष."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे मानेपासून खाली तू ठणठणीत आहेस."

भावोजी खो खो हसले. विम्याची एजंटगिरी करण्यात ताईच्या या नवऱ्याचे केस पांढरे झालेत, आणि माझा अर्जही त्यांनीच कंपनीत नेऊन दिला होता. "अगं, मिळतोय ना विमा? वरचं वर बघून घेऊ. कर सही. पंधरा दिवसांत परत पाठवायचंय."

सहीच्या जागेवर बारीक अक्षरांत एक वाक्य छापलेलं होतं. 'मला उर्वरित बौद्धिक दोष आहे हे मला मान्य आहे.' मी ते दोनदा वाचलं, पत्राची घडी घातली आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवली.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"का?" दोघंही एकदम.

का ते सांगायचं तर माझ्या सहीबद्दल सांगायला हवं. मी जमीन मोजते. बावीस वर्षं झाली. दोन शेजारी हातभर जमिनीवरून एकमेकांचं तोंड बघेनासे होतात, तेव्हा मी मध्ये जाऊन यंत्र लावते, मोजते, खुंट ठोकून घेते, नकाशा काढते आणि खाली सही करते. त्या सहीवर कुंपणं हलतात. ज्याचं कुंपण हलतं तो वकील करतो, आणि वकील पहिल्यांदा जमीन बघत नाही, मोजणाऱ्याला बघतो. 'माझ्या बुद्धीत दोष आहे हे मला मान्य आहे' असा माझ्याच सहीचा कागद त्याच्या हाती लागला, की त्यानंतर मी मोजलेली एक काडीही कोणी खरी मानणार नाही. मग मी उन्हात यंत्राची तिपाई घेऊन फिरणारी एक बाई, बस.

आता आजाराबद्दल. तीन वर्षांपूर्वी एका उतारावर गुडघाभर गवतात मी दिवसभर मोजत होते. संध्याकाळी गुडघ्याच्या मागे एक गोचीड सापडली, तिळाएवढी. काढली, फेकली, विसरले. गोचिडीतून होणाऱ्या आजारावर लस असते. आमच्या ऑफिसात तशी सूचना दोन वर्षं भिंतीवर लावलेली होती आणि दोन वर्षं मी 'पुढच्या महिन्यात' म्हणत होते. ही चूक माझी. ती मी कोणाच्या माथी मारत नाही.

दहा दिवसांनी ताप आला, तीन दिवस राहिला, गेला. मी कामावर परतले. आठवड्याने पुन्हा आला, आणि या वेळी थेट डोक्यात शिरला. पुढचं मला आठवत नाही, ताई सांगते. मान लाकडासारखी झाली होती, दोन्ही हात थरथरत होते, आणि मी नर्सला 'तिसरा खुंट' म्हणत होते. तिला सरळ उभं राहायला सांगत होते म्हणे. मेंदूला सूज आली होती. गोचिडीतून आलेला विषाणू. त्याला मारणारं औषध नाही, शरीरानेच लढायचं. सात आठवडे मी लढले आणि ताई उशाशी बसून राहिली. घरी आल्यावर चमचा हा शब्द सापडेना. 'ते खायचं खोरं दे' म्हणायचे आणि ताई न हसता द्यायची. आठ महिन्यांत शब्द एकेक करून परत आले. डावा हात तेवढा अजून संध्याकाळी थरथरतो.

ऑफिसच्या मालकाने मला खिडकीजवळ खुर्ची दिली. "तुम्ही आता इथे बसून नकाशे तपासायचे." सगळे माझ्याशी सावकाश बोलायला लागले, एकेक शब्द सुटा करून. दीड वर्ष मी ते सहन केलं. एक दिवस नव्या मोजणीवाल्याने मला 'ईशान्य म्हणजे कुठली बाजू, सांगा बघू' असं लाडाने विचारलं, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. खुंटी माझ्यासोबत बाहेर पडला. साठी उलटलेला हा माणूस पंधरा वर्षं माझ्यासाठी खुंट ठोकतोय. त्याला सगळे खुंटीच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. आम्ही दोघांनी आमचं स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं.

नोकरीबरोबर ऑफिसचा विमाही गेला. आणि स्वतःच्या नावावर आरोग्य विमा नसेल तर आमच्या कामात परवाना असूनही कोणी मैदानात पाऊल ठेवू देत नाही. म्हणून तो अर्ज.

अर्जातला चौदावा प्रश्न असा होता : गेल्या दहा वर्षांत मेंदूचा वा मज्जासंस्थेचा आजार झाला आहे का?

"इथे 'नाही' लिही," भावोजी म्हणाले होते. "गोचीड चावली, ताप आला, गेला. ताप काय मेंदूत येतो?"

"माझ्या मेंदूतच आला होता, भावोजी."

"ते तुला माहीत, मला माहीत. कंपनीच्या कानात जाऊन कशाला सांगायचं?"

मी 'हो' लिहिलं. दवाखान्याचे कागद जोडले. डावा हात थरथरतो तेही लिहिलं. भावोजींनी कपाळाला हात लावला. "उद्या स्वप्नं कुठली पडतात तेही लिहून दे." त्या 'हो'मुळे कंपनीने मला त्यांच्या डॉक्टरकडे बुद्धीच्या तपासणीला पाठवलं, आणि त्या तपासणीतून हा दोष निघाला.

मला तो बघायचा होता. "माझ्या तपासणीचे कागद पाठवा," असं मी कंपनीला कळवलं. भावोजी म्हणाले, एवढ्या वर्षांत असं कोणी मागितलेलं नाही. मग आता मागितलं, मी म्हटलं. सातव्या दिवशी कागद आले. मी ते टेबलावर पसरले आणि पहिलंच पान बघून मला हसू फुटलं. शेवटचं पान वाचलं आणि हसू पळालं.

आमच्या धंद्यात एक वही असते, फील्डबुक. मैदानात जे दिसलं ते तिथेच तिच्यात लिहायचं. तिचे नियम दोन. पहिला, प्रत्येक वाचन, म्हणजे यंत्रातून दिसणारा आकडा, दोनदा घ्यायचं : एकदा यंत्र सरळ ठेवून, एकदा उलटं फिरवून, आणि दोन्ही आकडे लिहायचे. यंत्रात थोडा वाकडेपणा असतोच. दोन्ही बाजूंनी बघितलं की तो उघडा पडतो. दुसरा नियम, खोडरबर वर्ज्य. चुकलात तर चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी बरोबर आकडा लिहून छोटी सही करायची. चूक लपवली की अख्खी वही संशयात जाते. नवीन माणूस आला की खुंटी पहिल्या दिवशी त्याच्या पेन्सिलीमागचा रबर दाताने तोडून थुंकतो. बावीस वर्षांत हे माझ्या बोटांत इतकं मुरलंय, की ताईच्या घरची किराण्याची यादीही मी तशीच लिहिते.

तपासणीतही मी तेच केलं होतं. शंभरातून सात सात वजा करत जा, असं डॉक्टर म्हणाला. माझ्या कागदावर होतं : त्र्याण्णव, त्र्याण्णव. शहाऐंशी, शहाऐंशी. अठ्ठ्याहत्तर, त्यावर एक रेघ, बाजूला एकोणऐंशी, छोटी सही, पुन्हा एकोणऐंशी. घड्याळ काढायला सांगितलं तर मी दोन घड्याळं काढली होती. आणि शेवटच्या पानावर डॉक्टरचा शेरा : 'प्रत्येक उत्तराची पुनरावृत्ती. स्वतःचीच उत्तरे खोडते. प्रत्येक खाडाखोडीजवळ विनाकारण सही.'

मी खुंटीला बोलावून दाखवलं. त्याने पानं उलटली, डोकं खाजवलं. "बाई, हे तर आपलं फील्डबुक आहे. यात दोष कुठाय?"

"हाच दोष आहे."

"मग मला तर ठार वेडा म्हणतील," खुंटी म्हणाला.

अकराव्या दिवशी आम्ही कंपनीत गेलो. मी, खुंटी, आणि 'मी नुसता बसेन' म्हणत आलेले भावोजी. काचेचं टेबल, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचा फोटो. पलीकडे गळ्यात चष्मा अडकवलेल्या अधिकारी बाई, आणि त्यांच्या शेजारी तोच तरुण डॉक्टर. तो माझ्याशी सावकाश बोलायला लागला.

"तुम्ही... प्रत्येक उत्तर... दोनदा लिहिलंत. तुम्हाला ते लक्षात आलं होतं का?"

"भरभर बोला, मला कळतं," मी म्हटलं. "लक्षात आलं होतं. मी मुद्दाम लिहिलं. आम्ही प्रत्येक वाचन दोनदा घेतो."

"पण इथे यंत्र नव्हतं."

"माझं डोकं होतं. तुम्हाला त्याचीच परीक्षा घ्यायची होती ना? मग मी त्याला एका वाचनावर कशी सोडणार? आणि आजारानंतर तर मुळीच नाही."

"खोडायचं असेल तर पेन्सिलीला मागे रबर होता."

"होता. मी तो काढून तुमच्यासमोर टेबलावर ठेवला होता. तुम्ही तेही लिहिलंय. 'साहित्याची मोडतोड' म्हणून."

अधिकारी बाईंनी तोंडावर हात धरला. मला वाटतं त्या हसत होत्या. मी पिशवीतून दोन जुनी फील्डबुकं काढून त्यांच्यापुढे ठेवली. एक अकरा वर्षांपूर्वीचं, एक सात. कोपरे झिजलेले, एकावर चिखलाचा डाग. त्यांनी चष्मा चढवून पानं उलटली. प्रत्येक आकडा दोनदा. चुकलेल्या आकड्यांवर एक रेघ, शेजारी छोटी सही.

"हे आजाराच्या आधीचं?"

"तारखा बघा. तेव्हा तर गोचीडही जन्मली नव्हती."

डॉक्टरने वही आपल्याकडे ओढली, मग माझे तपासणीचे कागद, आणि बराच वेळ दोन्ही शेजारी ठेवून बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

बाईंनी वही मिटली. "असं करू. तुम्ही तपासणी परत द्या. या वेळी प्रत्येक उत्तर एकदाच लिहायचं आणि चुकलं तर रबराने खोडायचं. कागद स्वच्छ आला की प्रश्नच मिटला."

"देईल, देईल," भावोजी खुर्चीत पुढे सरकले. नुसते बसण्याचं त्यांचं वचन तिथे संपलं. "उद्याच देईल!"

खोटं कशाला बोलू, माझं मन डळमळलं. चार दिवस उरले होते. घरी नवीन तिपाई खोक्यात पडून होती, खुंटीने हातोड्याला नवा दांडा बसवून घेतला होता. एका रबराचा तर प्रश्न होता. मी खुंटीकडे बघितलं. तो छताकडे बघत होता, पण जबडा असा आवळलेला, की जणू दातांत कुणाचा तरी रबर धरलाय.

"परीक्षा परत देईन," मी म्हटलं. "दहादा देईन. पण अशीच देईन. तुम्हाला माझी चूकच शोधायची आहे ना, मॅडम? मग रबराने पुसलेला कागद तुमच्या काय कामाचा? त्यात ती दिसणारच नाही. माझी चूक या कागदात आहे, समोर. मोजून घ्या."

"काय मोजायचं?"

"रेघ मारलेलं सोडा. राहिलेली उत्तरं बरोबर आहेत की नाहीत, एवढंच."

डॉक्टरने पेन काढलं. मध्ये एकदा त्याने मागे जाऊन परत मोजलं, आणि मला तो जरा आवडायला लागला.

"एक चुकलंय," तो म्हणाला. आता तो सावकाश बोलत नव्हता. "बाकी सगळं बरोबर आहे. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, तुम्ही चारच सांगितले."

"कंदील," मी म्हटलं. "तुमच्या दाराबाहेर पडल्यावर आठवला. तो धरू नका. ती चूक माझी, ती लिहा."

बाई संगणकाकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी काय लिहू, हाच प्रश्न आहे. कारणांची यादी तयार असते. 'दोष आहे' किंवा 'दोष नाही'. 'नाही' टाकलं तर पूर्ण विमा द्यावा लागेल, आणि हा आजार झालेल्या माणसाला पूर्ण विमा वरून मंजूर होत नाही. तुमच्यासाठी यादीत ओळच नाही."

"मग लिहा एक ओळ."

"पत्रावर खाडाखोड चालत नाही आमच्याकडे."

मला राग आला, आणि तो त्या बाईंचा नव्हता. तीन वर्षं मला सगळे दोनच खणांत टाकत होते. एक तर बिचारी, नाही तर जणू काही झालंच नाही. झालं होतं. मी मरता मरता वाचले होते, चमचा विसरले होते, आणि परत उभी राहिले होते. या सगळ्याला त्यांच्या यादीत जागा नव्हती आणि दोष म्हणे माझ्या डोक्यात!

मी पिशवीतून ते सहीचं पत्र काढलं. 'मला उर्वरित बौद्धिक दोष आहे हे मला मान्य आहे' या वाक्यावर एक रेघ मारली. एकच, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं : 'गोचिडीमुळे मेंदूचा आजार झाला. बरी झाले. डावा हात संध्याकाळी थरथरतो. पाचांतला एक शब्द आठवला नाही.' शेजारी छोटी सही केली. मग खाली, जागेवर, माझी पूर्ण सही आणि तारीख.

"हे चालत असेल तर घ्या," मी म्हटलं. "याच्यापुढे एक अक्षर मान्य करणार नाही."

रस्त्यावर आल्यावर भावोजी फुटले. "संपलं! आता एकही कंपनी हिला दारात उभी करणार नाही. छापील पत्रावर रेघोट्या!" मी चालत राहिले. भीती मलाही वाटत होती.

घरी भावोजींनी तेच पुराण ताईपुढे सुरू केलं. ताईने निम्मं ऐकलं आणि ओलं फडकं टेबलावर आपटलं. "सात आठवडे मी हिच्या उशाशी बसले ते ही परत भांडायला लागावी म्हणून. लागली. आता तुम्ही गप्प बसा."

पंधरावा दिवस गेला. पत्र नाही. विसावा गेला. खुंटी रोज सकाळी येऊन पायरीवर बसायचा, 'काही आलं?' विचारायचा आणि हातोडा उगाच पुसायचा. मी त्याला सांगितलं, दुसरं काम बघ. तो म्हणाला, "तेवढं डोकं मला असतं तर खुंट कशाला ठोकत बसलो असतो?"

तेविसाव्या दिवशी जाड पाकीट आलं. ताईने उभ्याउभ्या वाचायला घेतलं. "विमा मंजूर करण्यात येत आहे. डोके, मेंदू, मज्जारज्जू..." तिचा आवाज उतरू लागला आणि मध्येच थांबला. "वगळून, तीन वर्षांपर्यंत. त्यानंतर फेरविचार. कारण... अगं, इथे रेघ मारलीय कोणीतरी."

मी पत्र तिच्या हातातून घेतलं. 'उर्वरित बौद्धिक दोष' हे छापील शब्द होते, आणि त्यांच्यावर निळ्या शाईची एक रेघ. एकच. खालचं स्वच्छ वाचता येत होतं. वर हाताने लिहिलं होतं, 'पूर्वीचा आजार. बरा. नोंदी सोबत जोडल्या आहेत.' शेजारी अधिकारी बाईंची छोटी सही आणि तारीख. खाली मान्य करायचं ते वाक्य तर छापलेलंच नव्हतं.

मी रडले. ताईही रडली. भावोजी पत्र उलटंपालटं करत म्हणाले, "खाडाखोड करून पत्र पाठवलं! कंपनीने!" आणि मग फार गंभीरपणे म्हणाले, "हे मी फ्रेम करून घेणार."

पुढच्याच आठवड्यात आम्ही मैदानात होतो. त्याच उतारावर, मी आजारी पडल्यापासून तिथली हद्द तशीच अर्धवट पडली होती. विजारीचे पाय मोज्यांत खोचलेले. खुंटीला मी आधीच हाताला धरून लस टोचायला नेलं होतं, 'पुढच्या महिन्यात' म्हणायची सोयच ठेवली नव्हती. दुपारपर्यंत आम्ही वळसा घालून पहिल्या खुंटावर परत आलो. सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोजणीत फरक उरला दोन सेंटीमीटरचा. मी तो लिहिला.

कुंपणापलीकडचा शेजारी सकाळपासून हाताची घडी घालून उभा होता. हद्द त्याच्या बाजूला सरकत होती, हे त्याला दिसत होतं.

"बाई, तुम्हीच ना त्या?" तो ओरडला. "तुमच्या मेंदूला आजार झाला होता, असं ऐकलंय. तुमच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?"

खुंटीने हातोडा खाली ठेवला. मी त्याला हातानेच थांबवलं, गवतातून कुंपणापर्यंत गेले आणि वही त्या माणसाच्या हातात दिली.

"झाला होता. बरी झाले. आज सकाळपासून मी जिथे जिथे चुकले ते सगळं यात आहे, वाचता येईल असं. बघा. मग तुमच्या मोजणीवाल्याची वही आणा, त्याच्या चुका मी बघते."

तो वाचत राहिला. पान उलटलं, परत मागचं पान बघितलं, एका रेघेवर बोट ठेवलं.

"आणि हे?"

"तिसरा खुंट. अठ्ठेचाळीसच्या जागी चौऱ्याऐंशी लिहिलं होतं. लगेच सुधारलं. माझी सही आहे बघा बाजूला."

त्याने वही मिटून कुंपणावरून परत दिली. मी ती खिशात घातली, खुंटीला खूण केली आणि त्याने हातोडा उचलला.